पुढचे दार, मागचे दार : मुठेकाठच्या पुण्याची तीनशे वर्षे

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्यात, पहिल्या मजल्याच्या भिंतीवर, गेरूने ओढलेली एक आडवी रेघ आहे. तिच्याखाली आजोबांच्या अक्षरात तारीख आहे : १२ जुलै १९६१. जिन्यावरून जाताना ती रेघ माझ्या छातीशी येते. म्हणजे तळमजला पूर्ण बुडाला होता आणि वरच्या मजल्यावरही कमरेच्या वर पाणी होते. पूर आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

आता वाडा पाडून तिथे सात मजली इमारत व्हायची आहे. बांधकाम व्यावसायिकाने दिलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकात वरच्या सदनिकांच्या गच्चीतून दिसणारी नदी रंगवली आहे. पाणी निळे आहे, काठाला फरसबंदी आहे, बाके आहेत आणि सायकलवर मुले आहेत. ज्या नदीकडे आमच्या घराची पाठ होती, ज्या बाजूला शौचकूप आणि जळणाची खोली होती, त्याच बाजूला आता दर चौरस फुटाला जास्त भाव मिळणार आहे. ते चित्र बघता बघता एक प्रश्न मनात आला, आणि गेली दोन वर्षे मी त्याच्याच मागे आहे. पुण्याने नदीकडे तोंड केव्हा केले होते, पाठ केव्हा फिरवली, आणि आता पुन्हा तोंड करताना आपण नक्की कशाकडे बघत आहोत?

* * *

पुण्याचे जुने गावठाण म्हणजे कसबा. मुठा आणि नागझरी यांच्या मधल्या थोड्या उंच जागेवर ते वसले. इसवी सन ७५८ आणि ७६८ मधल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत या भागाचा उल्लेख सापडतो, तोही नदीकाठच्याच वस्तीचा म्हणायला हवा. कसब्याच्या उत्तरेकडचा उतार नदीवर जातो. या उतारावर कोण राहत होते ते आजही नावांवरून कळते. कुंभारवाड्याला माती आणि पाणी लागे. कागदीपुऱ्यात हातकागद करणाऱ्यांना लगदा धुवायला पाणी लागे. कुंभारवेस ही गावाची नदीकडची वेस होती. नदी त्या वेळी गावाची कामाची जागा होती.

तिला दर्शनी रूप आले ते पेशव्यांच्या काळात. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत. वाड्याचा मुख्य दिल्ली दरवाजा उत्तरेकडे, म्हणजे नदीच्या बाजूला आहे. त्याच्या नावाचा अर्थ आपण नेहमी राजकीय महत्त्वाकांक्षेत शोधतो, आणि तो आहेच. पण त्या दारातून बाहेर पडणाऱ्याला आधी मुठा ओलांडावी लागे, हे साधे भूगोलाचे सत्यही त्यात आहे.

वाड्यापासून नदीच्या वरच्या अंगाला चालत गेले की काठाने देवळांची ओळ लागते : अमृतेश्वर, सिद्धेश्वर आणि ओंकारेश्वर. ओंकारेश्वराजवळ चिमाजी आप्पांची समाधी आहे. डिसेंबर १७४० मध्ये, वसईच्या विजयानंतर पुरते दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, ते वारले. इथेच पेठांचे स्मशान होते. थोडे आणखी पुढे, लाकडी पुलापाशी, नानासाहेब पेशव्यांची समाधी आहे. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर गेले. लाकडी पूलही त्याच साली पानिपतावरून परतणाऱ्यांसाठी घाईने बांधला, असे पुण्यात परंपरेने सांगतात. एकोणिसाव्या शतकात तिथे दगडी पूल झाला. आता त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल आहे, पण रिक्षावाल्याला लाकडी पूलच सांगावे लागते.

म्हणजे अठराव्या शतकातल्या पुणेकराचा नदीशी संबंध तीन गोष्टींचा होता : स्नानसंध्या, अंत्यसंस्कार आणि नदी ओलांडणे. पिण्याच्या पाण्याचा संबंध मात्र तेव्हाच सैल होऊ लागला होता. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी शहरात आणले. काळा हौद, बदामी हौद अशा हौदांवर पेठा पाणी भरू लागल्या. जी नदी दारात होती तिच्याऐवजी दोन-अडीच कोसांवरचे पाणी लोक पिऊ लागले. मुठा पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात खडकांतून वाट काढते. तिच्यावर वर्षभर भिस्त ठेवता येत नाही, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना कळत होते.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली. तिची आठवण फारशी निघत नाही. पर्वतीकडून येणारा आंबिल ओढा पूर्वी आजच्या बाजीराव रस्त्याच्या आसपास, वस्तीच्या कडेने नदीला मिळत असे. पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले, आणि ओढ्याला बांध घालून पश्चिमेकडून, आजच्या दांडेकर पुलाच्या बाजूने, वळवण्यात आले. मोकळ्या झालेल्या जागेमुळे पेठा वाढायला वाव मिळाला. शहराने पाण्याची जागा घेऊन स्वतःची वस्ती वाढवल्याचे पुण्यातले हे मोठे उदाहरण. या ओढ्याकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

* * *

इंग्रजांनी नदीचा वेगळा भाग निवडला. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला. रेसिडेन्सी मुळा-मुठेच्या संगमावर झाली. ती जागा शहरापासून अंतरावर होती आणि शहरावर नजर ठेवण्याइतकी जवळही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी ती जाळली गेली. पण लढाईचा निकाल लागला तसा शहराचा कलही बदलला. सत्ता पूर्वेकडे, कॅम्पात गेली. त्या बाजूला नदी शोभेची झाली. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बांधलेल्या बंधाऱ्यामुळे पाणी साठले, बंड गार्डन झाले आणि १८६७ मध्ये फिट्झजेराल्ड पूल उभा राहिला. संगमापाशी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा बोट क्लब झाला आणि त्यांची रेगाटा पुण्याच्या सांस्कृतिक वर्षाचा भाग झाली. थोडक्यात, खालच्या अंगाला नदी पुढच्या दारात आली आणि वरच्या अंगाला, पेठांपाशी, मागच्या दारात गेली.

पेठांच्या बाजूने हे मागचे दार होण्याला खरे कारण झाले खडकवासला. १८७९ च्या सुमारास धरण पुरे झाले. फाईफ या अभियंत्याच्या नावाने साहेब लोक त्याला लेक फाईफ म्हणत. दोन्ही काठांनी कालवे निघाले. उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने हडपसरकडे गेला आणि आजही वाहतो. डावा कालवा खडकीकडे जात असे. त्याची आठवण म्हणून लॉ कॉलेजच्या परिसरात कालव्याचा रस्ता शिल्लक आहे. शेतीला पाणी मिळाले, कॅम्पाला मिळाले, शहरालाही मिळाले. पण जे पाणी कालव्यात गेले ते नदीत राहिले नाही. पावसाळा संपला की पेठांपाशी मुठेत वाहण्यासारखे उरे ते मुख्यतः शहराने सोडलेले सांडपाणी. नदीची गटार झाली याला आपण लोकांच्या सवयींना दोष देतो. सवयी होत्याच, पण त्याआधी नदीतले वाहते पाणी काढून घेतले गेले होते. पाणी गेल्यावर उरलेल्या पात्राकडे कोण तोंड करून बसेल?

माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या घरांची रचना याची साक्ष देत होती. दिंडी दरवाजा रस्त्याकडे, ओसरी रस्त्याकडे, देवघर मधल्या चौकात आणि नदीकडे परसू. परसाच्या पलीकडे गोठे, लाकडाच्या वखारी, धोब्यांचे दगड. संध्याकाळी नदीवर जाऊ नये, असे आजी सांगायची. तिच्या सांगण्यात स्मशान होते, सापही होते. नदीवर फिरायला जाणे ही कल्पनाच आमच्या घरात नव्हती.

पलीकडच्या काठावर मात्र नवे शहर उभे राहत होते. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन कॉलेज पुढे तिकडच्या माळावर गेले. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला. १९२३ मध्ये लॉईड पूल, म्हणजे आजचा शिवाजी पूल, खुला झाला आणि भांबुर्डे शहराला जोडले गेले. जुने लोक या पुलाला अजूनही नवा पूल म्हणतात. शहर नदीच्या दोन्ही अंगांना पसरले, पण दोन्ही अंगांनी ते नदीवरून गेले, नदीपाशी थांबले नाही. पूल वाढले तसे नदीवर उतरण्याचे कारण कमी झाले.

* * *

मग तो बुधवार आला. पानशेतचे मातीचे धरण आंबी नदीवर बांधून होत होते. सगळे काम पुरे व्हायच्या आत पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठवले गेले. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यात आले आणि तेही धरण त्याच दिवशी गेले. म्हणजे काही तासांत दोन धरणांचे पाणी एका अरुंद पात्रातून शहरात शिरले.

मला आठवते ते असे. शाळेला सुट्टी दिली म्हणून मी खूश होतो. आई पोळ्या करत होती. आळीत कोणीतरी ‘पाणी आले, पळा’ असे ओरडत गेले. पाणी नदीकडून येईल म्हणून सगळे मागे बघत होते, पण ते आधी गटारांतून वर आले, समोरच्या रस्त्यावर. आजोबांनी देव आणि दप्तराची पेटी घेतली. आम्ही भवानी पेठेत आत्याकडे चालत गेलो. आईने तव्यावरची पोळी तशीच ठेवली होती. पुढे कित्येक वर्षे ती या एकाच गोष्टीची चुटपुट बोलून दाखवायची.

पाणी रात्री ओसरले. परत आलो तेव्हा चौकात गाळ, मेलेले गुरू आणि कोणाचे तरी फडताळ होते. आजोबांच्या पेटीत राहिले तेवढे कागद वाचले, माळ्यावरच्या बासनांचा लगदा झाला. पेठांतल्या घराघरांत अशी बासने होती : वतनांचे कागद, हिशेबाच्या वह्या, पोथ्या, पत्रे. माणसे किती गेली याच्या आकड्यावर लोक पुढे वाद घालत राहिले. जुन्या पुण्याच्या आठवणीचा केवढा भाग त्या एका दिवसात नदीतून खाली गेला, त्याचा हिशेब कोणीच मांडला नाही.

पुनर्वसनाची सूत्रे स. गो. बर्वे यांच्या हाती आली. तात्पुरत्या निसेन हट्स उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती आणि सहकारी गृहरचना संस्था झाल्या. आमच्या आळीतली निम्मी घरे तिकडे गेली. आजोबा गेले नाहीत. त्यांनी भिंती धुवून घेतल्या, चुना लावला, आणि चुना वाळल्यावर रेघ ओढली. रेघ कशाला, असे वडिलांनी विचारले. आजोबा म्हणाले, ‘‘विसरू म्हणून.’’

पुरानंतर काठ मोकळा झाला, आणि ही मोकळीकच पुढच्या साठ वर्षांच्या बांधकामाची जमीन ठरली. २६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. पु. ल. देशपांडे यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. शेजारी संभाजी उद्यान. पेठांच्या नाटकवेड्या लोकांनी प्रथमच संध्याकाळी नदीकाठी जायला सुरुवात केली, तीही नदी न बघता. पुढे भिडे पूल झाला. तो इतका ठेंगणा की पावसाळ्यात ‘भिडे पूल पाण्याखाली’ ही बातमी ठरलेलीच. काकासाहेब गाडगीळ पूल झाला, त्याला सगळे झेड ब्रिज म्हणतात. नदीपात्रातून रस्ता झाला, वाहनतळ झाले, खाण्याच्या गाड्या लागल्या. मेट्रोचे खांब डेक्कनपासून शिवाजीनगरकडे पात्राच्या कडेने गेले आणि पगडीच्या आकाराचे छप्पर असलेली स्थानके नदीवर उभी राहिली. यातली प्रत्येक गोष्ट सोयीची आहे, मीही मेट्रोने जातो. पण या सगळ्यांमागचे गृहीत एकच आहे : पात्र म्हणजे शहरातली रिकामी जागा.

* * *

आता नदीसुधार. त्यात दोन वेगळ्या योजना आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक सांडपाण्याची. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून, सुमारे ९९० कोटींची, ११ शुद्धीकरण केंद्रे बांधण्याची ती योजना आहे. दुसरी काठ सुशोभित करण्याची. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या या कामाची पायाभरणी ६ मार्च २०२२ रोजी झाली. तिचा आराखडा साबरमतीचा काठ आखणाऱ्या अहमदाबादच्या संस्थेचाच आहे. पहिली योजना नदीतल्या पाण्याची आहे, दुसरी नदीकाठच्या जमिनीची. माहितीपत्रकातले चित्र दुसऱ्या योजनेचे आहे, पण त्यातला निळा रंग पहिलीवर अवलंबून आहे.

जपानचे नाव निघालेच आहे तर एक जपानी शहर बघू. पुणेकरांना ते अनोळखी नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. रविवारी तिथे फोटो काढायला गर्दी असते. मूळ बाग असाही नदीच्या काठावर, किल्ल्यासमोर आहे. १५९७ मध्ये उकिता हिदेइए याने किल्ला पुरा केला तेव्हा खंदकासारखा उपयोग व्हावा म्हणून नदीच वळवून घेतली. आपण ओढा वळवला तसेच. त्याची शिक्षा शहराला मिळाली. नदी वारंवार शहरात शिरू लागली आणि १६५४ मध्ये मोठा पूर आला.

पुढे त्यांनी जे केले ते मात्र आपल्यापेक्षा वेगळे होते. कुमाझावा बान्झान या विचारवंताच्या कल्पनेवरून त्सुदा नागातादा या कारभाऱ्याने १६८० च्या दशकात शहराच्या वरच्या अंगाला नदीतून एक वेगळी वाट काढली. तिचे नाव ह्याक्केन-गावा. ‘केन’ हे लांबीचे जुने जपानी माप. शंभर केन म्हणजे सुमारे १८० मीटर. एरवी या रुंद पट्ट्यात शेती चालायची. पूर आला की पाणी सांडव्यावरून तिकडे जाई आणि शहर वाचे. ही वाट झाल्यावर त्याच त्सुदाने नदीकाठी कोराकुएनचे काम हाती घेतले. बाग १७०० मध्ये पुरी झाली. आधी पुराची जागा, मग बागेची. ह्याक्केनची वाट आजही राखलेली आहे. आपण त्या शहराची बाग आणली. बागेच्या आधीची गोष्ट आणायची राहिली.

आपल्याकडेही नियम आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशांवर आखलेली असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये अटींवर. पण नकाशावरची रेषा सरकवता येते, पाण्याची सरकत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. पुणे आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. सर्वाधिक फटका बसलेल्या भागांत अरण्येश्वर, सहकारनगर होते, म्हणजे ज्या परिसरात १९६१ च्या पूरग्रस्तांना नवी घरे मिळाली तोच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे पाण्यापासून हातगाडी वाचवताना तिघांना विजेचा धक्का बसला आणि ते गेले. जी तीन माणसे गेली त्यांच्यासाठी नदी दर्शनी बाजू नव्हती, मागची बाजूही नव्हती. ती त्यांची राहण्याची आणि पोट भरण्याची जागा होती, कुंभारवाड्यातल्या कुंभारासारखी.

नदीकडे पुन्हा तोंड करावे याला माझा विरोध नाही. माझ्या नातीने काठावर सायकल चालवावी असे मलाही वाटते. पण तीनशे वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. पेशव्यांनी ओढा हलवला, साहेबाने प्रवाह कालव्यात नेला, आपण पात्र वापरात घेतले. प्रत्येकाने नदीकडून काही घेतले. नदीला तिची म्हणून जागा कोणीच लिहून दिली नाही. काठाला फरसबंदी करण्याआधी आपल्या पिढीने तेवढे तरी करावे.

* * *

वाड्यातल्या कुटुंबांची बैठक गेल्या महिन्यात झाली. वाहनांच्या जागा, भाड्याची भरपाई, कोणाला कोणता मजला हे सगळे झाल्यावर मी म्हटले, माझी एक मागणी आहे. नव्या इमारतीच्या खांबावर त्याच उंचीवर ती रेघ पुन्हा ओढावी, तारखेसकट. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, ‘‘काका, घर विकायची वेळ आली आणि गिऱ्हाइकाने विचारले हे काय, तर काय सांगायचे?’’ त्याचा प्रश्न खरा होता. त्याने कर्ज काढले आहे.

बांधकाम व्यावसायिकाच्या माणसाने वहीत लिहून घेतले आणि नंतर बघू असे म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी सर्वेक्षण करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला बोलावले आणि रस्त्यापासून, तसेच ओंकारेश्वराच्या पायरीपासून, रेघेची उंची मोजून घेतली. ती आकडेवारी आता आजोबांच्या दप्तराच्या पेटीत, वाचलेल्या कागदांबरोबर ठेवली आहे. वाडा दिवाळीनंतर पाडायला घेणार आहेत.